नाव नसलेला निरोप

माझ्या एसटीडी बूथवर एक नियम होता, आणि तो मोडणाऱ्याला मी तोंडावर बोलायचे. फोन वाजला की पलीकडच्याने आधी सांगायचं, कोणाला बोलवायचंय. "ओळखलं का?" असली लाडीगोडी चालायची नाही. घरी फोन नसलेल्या अर्ध्या चेंदणी कोळीवाड्याने माझा नंबर पीपी म्हणून वाटलेला. लग्नपत्रिकेवर माझा नंबर, शाळेच्या फॉर्मवर माझा नंबर. मी ओळखत बसले तर बूथ कोण चालवणार? नाव सांग, फोन ठेव, थोड्या वेळाने परत कर, तोवर मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हाक मारते. माझ्या आवाजाला माईक लागत नव्हता.

नव्व्याण्णव साली मी बूथमध्ये कॉम्प्युटर घेतला. डोंबिवलीचा मधु सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवायचा, त्याच्याकडून. त्यानेच इंटरनेट जोडून दिलं, ई-मेलचा आयडी काढून दिला. मला म्हणाला, "काकी, ज्याला त्याला वेगळा आयडी काढून देतो, फुकट असतो." मी म्हटलं, "फोन एक पुरतो तर आयडीही एक पुरेल. उगाच पसारा नको." मग जसा पीपी फोन तसा पीपी आयडी. पासवर्ड एकवीरा आईच्या नावाचा. कोळीवाड्यात दुसरा कुठला असणार? तो सगळ्या गल्लीला पाठ होता आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, मला तर नाहीच.

बाहेर गेलेल्या माणसांना मी नियम तोच घालून दिला. मेलच्या डोक्यावर नाव पाहिजे. 'कलावतीसाठी', 'मालूसाठी', 'मनुबायसाठी'. मग खाली इंग्रजी अक्षरांत मराठी. ज्याला वाचता येत नाही त्याला मी वाचून दाखवायचे, आणि ज्याला येतं त्यालाही मीच वाचून दाखवायचे, कारण खुर्ची माझी आणि माऊस माझा. कोणाच्या घरात काय चाललंय ते त्या घराच्या आधी मला कळायचं. लोक हसायचे, पण यायचे.

मालू माझी पोरगी. तिचा नवरा नामा मालाच्या जहाजावर खलाशी. पोरीला सातवा महिना लागलेला. नामा दिवाळीला उतरणार, बाळंतपणाला घरी असणार, असं ठरलेलं. जहाज ज्या बंदराला लागेल तिथे खलाशांच्या क्लबात जाऊन तो मेल करायचा, आठवड्याला एक तरी. गणपती गेले आणि मेल बंद झाले. नवरात्र बसलं तरी काही नाही. मुंबईला एजंटच्या ऑफिसात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, जहाज व्यवस्थित आहे, एकेका माणसाचं आम्ही सांगू शकत नाही. जहाज व्यवस्थित म्हणजे माणूस व्यवस्थित असं कोणी सांगितलं? माणूस पडतो, तापाने फणफणतो, परक्या बंदरात मागे राहतो. मालू हे बोलायची नाही, पण तिचं जेवणावर लक्ष नव्हतं.

त्यात माझी लाईन एकच. इंटरनेट लावलं की फोन एंगेज. मेल बघत बसलो आणि नेमका तेव्हाच त्याने फोन केला तर? आणि फोनसाठी लाईन मोकळी ठेवली आणि मेल येऊन पडला असेल तर? मालू दर थोड्या वेळाने यायची. "आये, लाव ना एकदा." मी लावायचे. मोडेम कुईकुई करायचा, मेलची पेटी उघडायची, नामाचं काही नसायचं. मग मीच ओरडायचे, "तोड आता, फोन यायचा असेल." ती गेली की माझाच हात परत माऊसवर. दोघीही अशाच, ना धड बसणं ना धड उठणं.

तर अशा दिवसांत एका सकाळी पेटीत तो मेल येऊन पडला. इंग्रजीत होता. मालू बारावी शिकलेली, मी मॅट्रिक. दोघींनी मिळून लावलेला अर्थ असा, की प्रिय ग्राहक, तुमच्या नावाचा एक तातडीचा निरोप आमच्याकडे अडकून पडलेला आहे. वाचण्यासाठी खालच्या निळ्या ओळीवर दाबा आणि पासवर्ड पुन्हा टाका. उद्यापर्यंत वाचला नाही तर निरोप पुसला जाईल. खाली आयडीवाल्या कंपनीचं नाव, तिचं रंगीत चिन्ह, सगळं जिथल्या तिथे.

मालूचा हात माझ्या खांद्यावर होता, तो घट्ट झाला. "नामाचा असणार, आये. दाब."

मी म्हटलं, "थांब."

का थांब म्हटलं ते तेव्हा मलाही नीट सांगता येत नव्हतं. तोवर बाहेर बातमी गेली. मनुबाय आली, मालूची सासू, नामाची आई. पदराला मासळीचा वास, बाजार तसाच टाकून आलेली. "माझ्या पोराचाच निरोप हाय तो. मना वाचून दाव." तिच्या मागोमाग कलावती. ती देशावरची, आमच्या गल्लीत भाड्याने राहायची. तिचा नवरा उत्तम मस्कतला क्रेन चालवायचा. ती म्हणाली, "शेवंतीताई, आमच्या ह्यांच्या साईटवर गेल्या महिन्यात अपघात झालेला. त्यांचंच काहीतरी असणार." पाठोपाठ आणखी दोघी आल्या, एकीचा भाऊ कुवेतला, एकीचा पोरगा परदेशी गोदीत. ज्या घरातलं माणूस बाहेर, त्या घराला तो निरोप आपलाच वाटत होता. एक निरोप आणि सगळी गल्ली त्याला चिकटलेली.

तिथेच माझं डोकं चाललं. मी म्हटलं, "कोणासाठी आहे ते कुठे लिहिलंय? माझ्या आयडीवर आजवर एक तरी निरोप बिननावाचा आला? नाव नाय तर मी बोलवू कोणाला?"

"नाव आत असेल," मालू म्हणाली. "पाकिटावर नाही म्हणून आत नाही, असं कुठे आहे?"

पोरगी माझीच, तोंडाला तोंड द्यायला शिकलेली. पण मनात काहीतरी टोचत होतं. इतकी वर्षं मी फोनवर बसलेले. गडबडीने बोलणारा, लगेच करा, आत्ताच करा म्हणणारा आणि नाव न सांगणारा माणूस असला की मी दर वेळी फोन कापलेला. मी मधुला फोन लावला. त्याचा फोन मेलेला, नुसती घुंई. मग मी ठरवलं, डोंबिवलीला जाऊनच येते. मालूला बूथवर बसवलं आणि सांगितलं, "फोन घे, लोकांना लावून दे. ह्या ओळीला हात लावायचा नाय. मी आल्यावर बघू."

तिने मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही.

मधुचं दुकान म्हणजे एका बिल्डिंगच्या जिन्याखालची खोली, वायरींचं जंजाळ आणि उघडे पडलेले डबे. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तो हातातला स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवून म्हणाला, "काकी, हा मेल मला पण आलाय. टिटवाळ्याच्या एका मास्तरांना आला, मोहन्याच्या डॉक्टरांना आला. सगळ्यांचाच निरोप अडकलाय एकदम?"

त्याने स्वतःच्या पेटीतला मेल उघडला. शब्दाला शब्द तोच. "आता बघा. निळ्या ओळीवर बाण नुसता न्यायचा. दाबायचं नाही. आणि नजर खाली ठेवायची." त्याने बाण ओळीवर आणला. ओळीत आमच्या आयडीवाल्या कंपनीचं नाव लिहिलेलं. पण खिडकीच्या अगदी तळाला, राखाडी पट्टीवर, भलतेच आकडे उमटले. मध्ये मध्ये टिंबं. कंपनीच्या नावाचा मागमूस नाही.

"वर लिहिलंय एक आणि नेणार दुसरीकडे," मधु म्हणाला. "पान उघडतं ते दिसायला आपल्यासारखंच. पण दार दुसऱ्याचं. तुम्ही पासवर्ड टाकला की किल्ली त्याच्या हातात. मग तुमच्या नावाने हाच मेल तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना जातो, आणि ती माणसं तुमच्यावर विश्वास ठेवून दाबतात. कंपनीचा निरोप खरा वाटला तरी त्यातल्या ओळीवरून जायचं नाही. नेहमीच्या रस्त्याने पेटी उघडायची आणि बघायचं. खरा असेल तर तिथे असेलच."

"म्हणजे निरोप नाहीच?"

"निरोप कसला, काकी. गळ टाकून बसलेत."

मला हायसं वाटायला पाहिजे होतं. सकाळपासून मनात होतं, की त्या ओळीमागे नामाचं काहीतरी वाईट आहे. ते नव्हतं. पण मधुच्या दुकानातून बाहेर पडले आणि लक्षात आलं. वाईट नव्हतं म्हणजे काहीच नव्हतं. नामा कुठे आहे ते सकाळी ठाऊक नव्हतं आणि आताही नव्हतं. फसवा का होईना, सकाळपासून एक निरोप तरी होता. मी स्टेशनवर उभी राहून त्या न दिसणाऱ्या मेल्याला पोटभर शिव्या दिल्या.

बूथवर आले तर मालू खुर्चीत बसून होती आणि लाईनवर मोडेम चालू. तिचा चेहरा बघूनच मी समजले.

"दाबलंस?"

"पान आलं, आये. आपलंच पान. पासवर्ड टाकला तर परत तेच पान आलं. मला वाटलं चुकला, म्हणून परत टाकला. मग परत." तिचा आवाज बारीक झाला. "निरोप नाय आला."

मी पेटी उघडायला गेले. पासवर्ड चुकीचा आहे, असं लाल अक्षरांत आलं. एकवीरा आईच्या नावाने आमचीच पेटी आम्हाला बंद. नामाचे जुने मेल आत, उत्तमचे आत, गल्लीतल्या सगळ्यांची सुखदुःखं आत, आणि किल्ली कोणा भामट्याकडे.

मी संतापले. "तुला हात लावू नको म्हटलेलं ना मी? माझ्या शब्दाला काही किंमत आहे का नाय?" असं आणि आणखी बरंच. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुझा नवरा रोज घरी येतो, आये." ती एवढंच म्हणाली, आणि मी बोलायचं सोडून लाईन तोडली.

कलावती मात्र थांबली नाही. उत्तमचे सगळे मेल गेले म्हटल्यावर ती दारातच रडली. तिला ते परत परत वाचायला हवे असायचे, मला ठाऊक होतं, मीच वाचून दाखवायचे. जाताना म्हणाली, "सगळ्यांचं एकात कशाला घातलंत हो?" ती मालूला काही बोलली नाही, मलाच बोलली.

आता रडून काय होणार होतं. मधुने सांगितलेलं डोक्यात घोळत होतं, की हाच मेल तुमच्या नावाने सगळ्यांना जाणार. भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले नंबर होते, ते एकेक करून लावायला घेतले. मस्कतच्या कॅम्पवर उत्तम भेटला. तो म्हणाला, "वहिनी, आत्ताच तुमच्याकडून मेल आलाय. तातडीचा निरोप म्हणून. दाबणारच होतो." मी म्हटलं, "दाबू नका, तो माझा नाय. पासवर्ड कुठे टाकू नका." कुवेतवाल्याच्या मित्राला तेच सांगितलं. एजंटच्या ऑफिसातही फोन केला, की नामाच्या जहाजावर निरोप द्या, घरच्या नावाने आलेल्या मेलवर दाबू नको. तिथला माणूस म्हणाला, बघतो. हे बघतो मी आयुष्यभर ऐकत आलेय, त्याचा अर्थ मला कळतो.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकरच बूथ उघडला. मालू आली आणि बाकड्यावर बसली. मनुबाय टोपली ठेवून पायरीवर टेकली. मोडेम लावायचं कारण उरलं नव्हतं, उघडायला पेटीच नव्हती. एवढे दिवस अडलेली लाईन पहिल्यांदाच सकाळपासून मोकळी होती. मालू पाणी आणायला म्हणून घरी गेली आणि फोन वाजला.

"शेवंती एसटीडी. कोणाला बोलवू?"

लांबचा आवाज, मध्ये खरखर. "मामी, कोण गेलं?"

मी उभीच राहिले. "कोण बोलतंय? नाव सांग."

"नामा बोलतोय. मामी, आधी सांगा, कोण गेलं? मालू कशी आहे? तुमचा मेल आला, तातडीचा निरोप. दाबतोय तर उघडत नाही, पासवर्ड मागतोय नुसता. आई गेली का?"

"कोण मेलं नाय," मी म्हटलं. पायरीवर मनुबाय धडपडत उठली. "सगळी आहेत. तुझी आई हितंच आहे. तो मेल आमचा नव्हता, चोराचा होता. तुझा पासवर्ड पण गेला समज. पण तू कुठे होतास, बाबा? गणपती गेले, नवरात्र बसलं. पोरगी इथे वाळून चाललीय."

खरखरीतून तो म्हणाला,

"मी परत करारावर सही केली, मामी. अजून सहा महिन्यांची. बोसनने, म्हणजे आमच्या मुकादमाने, विचारलं, नाही म्हटलं असतं तर पुढच्या वेळी घेतला नसता. दिवाळीला येत नाही मी."

"मग तसं लिहायचं. दोन ओळी लिहायला हात मोडलेला?"

"लिहायला बसलो ना. बऱ्याचदा बसलो. पण तुम्ही वाचणार, मामी. बूथमध्ये, सगळ्यांसमोर, मोठ्याने. बाळंतपणाला येत नाही हे मी मालूला सांगणार आणि ऐकणार गल्ली. कसं लिहू?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी मनुबायला रिसीव्हर दिला. ती त्यात "माझ्या पोरा" एवढंच म्हणाली आणि परत माझ्या हातात दिला. तो आता ठेवतो म्हणाला, थोड्या वेळाने परत करतो, तुमच्या नियमाप्रमाणे.

"ठेवू नकोस," मी म्हटलं. "नियम गेला खड्ड्यात. धरून राहा."

मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन मालूला हाक मारली. अशी हाक त्या गल्लीने ऐकली नसेल. ती पोट सावरत आली, कळशी वाटेतच कोणाच्या तरी ओट्यावर ठेवून. मी तिला केबिनमध्ये बसवलं, काच लावली आणि बाहेर आले. काच पातळ होती, पहिली वाक्यं ऐकू आलीच.

"सही केलीस ते केलीस. मला सांगायला काय झालेलं? मी मनातल्या मनात रोज तुला बुडवून रोज बाहेर काढत होते."

मग मी पायरीवर मनुबायच्या शेजारी जाऊन बसले. लोक फोन करायला येत होते, त्यांना म्हटलं लाईन बिझी आहे. कोणी विचारलं कोणाचा आहे, तर म्हटलं, आहे एकाचा.

ती जुनी पेटी काही परत मिळाली नाही. मधुने कंपनीला मेल केले, तिकडून कोणाचं उत्तर आलं नाही. कलावती दिवाळीपर्यंत माझ्याशी मोजकंच बोलत होती. दसरा झाल्यावर मधु बूथवर आला आणि ज्याला त्याला वेगळा आयडी काढून द्यायला बसला. कलावतीचा काढला, गोदीतल्या पोराच्या आईचा काढला. प्रत्येकीला बाण ओळीवर नेऊन खाली बघायला लावलं. मनुबायसुद्धा माऊस धरून, जीभ दातात धरून खालची पट्टी बघत होती. तो सांगत होता, "घाई करणाऱ्या मेलला आपण घाई करायची नाही. देवाचं नाव पासवर्डला नको, नवऱ्याचं नको. आणि पासवर्ड कोणाला सांगायचा नाही." मग माझ्याकडे एक नजर टाकून म्हणाला, "आईला पण नाही."

मालू माझ्या खुर्चीत बसली. मी असताना पहिल्यांदाच. मधुने नवी पेटी उघडून दिली आणि तो चहाला गेला. तिने नामाचा नवा आयडी टाकला, डोक्यावर 'नामासाठी' असं लिहिलं, आणि तिचे हात थांबले. मी तिच्या मागे नेहमीच्या जागी उभी होते, चष्मा लावून.

"आये, तिकडं बघ."

"का? मी काय परकी?"

"बघ तिकडं."

मी वळले आणि गल्लीकडे तोंड करून उभी राहिले. मागे कीबोर्ड वाजायला लागला. आधी अडखळत, मग सलग, मग मध्येच बराच वेळ काही नाही, मग परत. येणार नाही म्हणणाऱ्या नवऱ्याला ती काय लिहीत होती, ये म्हणत होती की नको येऊस म्हणत होती, वळून एकदा बघितलं असतं तर कळलं असतं. माझी मान अवघडली. समोरून कलावती आली, आत डोकावली आणि हळूच विचारलं, "काय लिहितेय हो मालू?"

"मला नाय माहीत," मी म्हटलं.